दोन बोटांचा काटा

“भरलेला आहे,” टॉरग्रिम म्हणाला आणि त्याने सिलिंडरच्या पेटीचं झाकण आपटलं.

कडीत दोन बोटं अडकवून त्याने सिलिंडर वर ओढून पाहिला होता. तो जागचा हलला नाही. गेली सव्वीस वर्षं डोंगरावरच्या या कॅरॅव्हॅन-कॅम्पात तो असंच करत आला होता. शाळेचा बॉयलर सांभाळण्यात ज्याची हयात गेली त्याला गॅस मोजायला यंत्र लागत नाही, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला, कुणी विचारो न विचारो, ऐकवत असे.

समोरच्या कॅरॅव्हॅनच्या लाकडी पडवीत हालवार्ड उकिडवा बसून सिलिंडरखाली वजनकाटा सरकवत होता. हा दातांचा डॉक्टर. त्याचा सिलिंडरही बाळाच्या दुधाच्या बाटलीसारखा, आरपार दिसणारा. उन्हात धरला की आत गॅस कुठवर आहे ते कळायचं. तरी या गृहस्थाला वजन करायचं होतंच, वर तो आकडा मोबाइलवरही बघायचा होता.

“काय डॉक्टर, दात किडलाय का त्याचा?” टॉरग्रिमने विचारलं.

हालवार्ड हसला. त्याला कधी राग येत नसे, आणि टॉरग्रिमला नेमकं तेच सहन होत नसे.

बाकीचेही त्याच माळेतले. कोपऱ्यावरचं जोडपं सिलिंडरवर गरम पाणी ओतून हाताने चाचपायचं, कुठून गार लागतो ते बघत. आंघोळ घालतात, टॉरग्रिम म्हणायचा. एका मास्तराने एक सिलिंडर संपला की आपोआप दुसऱ्यावर जाणारी चावी बसवली होती. पहिला कधी संपला ते त्याला कळायचं नाही, आणि दर ईस्टरला दोन्ही रिकामे होऊन तो दारोदार फिरायचा. असल्या दीडशहाण्यांना बर्फात यायला सांगितलं कुणी, असं टॉरग्रिमला मनापासून वाटे. त्याची बायको ओसहिल मात्र म्हणायची, हळू बोल, ऐकू जाईल.

ओसहिल नोव्हेंबरात गेली. तिच्याशिवायचा हा पहिला ईस्टर. ती होती तेव्हा दर शुक्रवारी तो स्कीवर निघाला की ती बर्फावरची घसरगाडी ढकलत हालवार्डच्या बायकोकडे, इंगुनकडे जायची. दातवाल्यांकडे चकाट्या पिटायला जाते, म्हणून तो तिलाही टोमणे मारत असे.

शनिवारी मुलगी येणार होती. विगडिसने फोनवर आडपडदा ठेवला नव्हता: बहात्तराव्या वर्षी थंडीत एकट्याने राहणं जमत नसेल तर ही जागा सोडायची. सोडलेली जागा परत मिळत नाही. दहा-अकरा वर्षांची प्रतीक्षायादी लागलेली होती. टॉरग्रिम भडकला होता. एक दिवस जरी माझा गॅस संपलेला दिसला, तर कॅम्पाच्या ऑफिसला जागा सोडल्याची चिठ्ठी तूच लिही, असं त्याने तिला सांगून टाकलं होतं.

गुड फ्रायडेच्या सकाळी कॉफीखालची ज्योत लहान झाली, फडफडली आणि विझली. हीटरही गप्प झाला होता. बाहेर उणे चौदा.

त्याने पेटी उघडून सिलिंडर ओढला. हलला नाही. म्हणजे भरलेला. बिघाड रेग्युलेटरचा, आजकाल धड काही बनवत नाहीत. त्याने रेग्युलेटर काढून झटकला, परत लावला आणि शेवटी संतापून सिलिंडरला लाथ घातली. तो रिकाम्या बादलीसारखा वाजला. पुन्हा ओढला तेव्हा काडकन आवाज होऊन सिलिंडर इतका अलगद हातात आला की टॉरग्रिम मागच्या मागे पडता पडता वाचला. बुडाला बर्फाची लादी चिकटलेली होती. छपराचं पाणी पेटीत उतरून सिलिंडरच्या बुडाशी गोठलं होतं, आणि त्या बर्फाचं धरून ठेवणं त्याच्या दोन बोटांनी गॅस म्हणून मोजलं होतं. शेजारचा राखीव सिलिंडरही तसाच निघाला.

गुड फ्रायडे म्हणून खालची दुकानं सगळी बंद. तो ओव्हरकोट घालून दोन तास आत बसून राहिला. नळाचं पाणी गोठू लागलं, तरी हा पठ्ठ्या कुणाकडे जाईना. इंगुन ईस्टरची संत्री द्यायला आली तेव्हा त्याच्या तोंडातून वाफा निघत होत्या. हवा खेळती ठेवलीय, त्याने सांगितलं. ती परत गेली, आणि थोड्या वेळाने हालवार्ड आपला जादा सिलिंडर आणि त्याला बसणारा रेग्युलेटर घेऊन आला.

जोडणी करता करता तो म्हणाला, “काका, पेटीतला बर्फ फोडायला हवा होता. काकू दर शुक्रवारी फोडायच्या.”

“कोण काकू?”

“ओसहिलकाकू. तुम्ही स्कीवर गेलात की त्या सिलिंडर घसरगाडीवर घालून आमच्याकडे आणायच्या, काट्यावर ठेवायला. कमी भरला तर मी त्यांना गाडीने खाली नेऊन बदलून आणायचो.”

“किती दिवस चाललं होतं हे?”

“आम्ही आलो तेव्हापासून. नऊ हिवाळे. सांगू नका म्हणायच्या. त्याला उचलून बघू दे, त्याला आवडतं ते.”

टॉरग्रिमने काहीतरी झोंबणारं बोलायला शोधून पाहिलं. एरवी त्याच्या जिभेवर असलं काही तयारच असायचं. पण आज दीडशहाणा म्हणावा असा पेटीजवळ एकच माणूस उभा होता, आणि तो डॉक्टर नव्हता. नऊ वर्षं आपण रुबाबात दोन बोटं दाखवत फिरलो आणि ती मागे वजनं ओढत होती, हे जाणवून त्याला स्वतःची किळस आली.

शनिवारी सकाळी दोघांनी खाली जाऊन सिलिंडर बदलून आणला. दुपारी विगडिस आली. तिने आधी हीटरवर हात ठेवला, मग बाहेर येऊन पेटीकडे पाहिलं.

“गॅस नीट आहे ना, बाबा?”

समोरच्या पडवीत हालवार्ड होता. त्याने ऐकलं आणि मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. तो काही सांगणार नव्हता. नुसतं ‘आहे’ म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“काल संपला होता,” टॉरग्रिम म्हणाला. “दोन तास कुडकुडत बसलो. आत जळतोय तो डॉक्टरचा. तुला चिठ्ठी लिहायची असेल तर लिही, मी अडवत नाही.”

त्याने पडवीमागून घसरगाडी ओढून काढली. दांड्याला ओसहिलने गुंडाळलेली लाल लोकर तशीच होती. नवा सिलिंडर त्याने गाडीवर ठेवला आणि सगळ्या कॅम्पाच्या देखत समोरच्या पडवीकडे ढकलत निघाला. यंदा त्या दोन पडव्यांमधल्या बर्फावर घसरगाडीची एकही रेघ नव्हती. कोपऱ्यावरचं जोडपं हातातली संत्री सोलायची थांबवून पाहत होतं.

हालवार्डने काटा पुढे केला आणि जरा घुटमळला.

“आधी उचलून बघता का, काका?”

“नको,” टॉरग्रिम म्हणाला. “काट्यावर ठेव.”

मागे खणखण आवाज झाला. त्याने वळून पाहिलं. विगडिस पेटीत वाकून फावड्याने बर्फ फोडत होती.