बायकोच्या व्हिसावरचा डावखुरा

आमच्या मंडळाला कीर्तिभिंत हवी होती आणि मला माझा नवरा दुबईत हवा होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मंडळाला बरेच दिवस कळलं नाही.

भिंतीचं खूळ मंडळातल्या सिद्धांतने आणलं. तो कंपनीच्या कामाने अमेरिकेला जाऊन आला आणि तिथल्या बेसबॉलवाल्यांनी भारावून गेला. तिकडे म्हणे थोर खेळाडूंसाठी एक हॉल असतो. खेळाडू निवृत्त झाला की त्याला पाच वर्षं थांबवतात आणि मग तो त्या हॉलच्या लायकीचा आहे की नाही यावर देशभर भांडतात. आमचं टेनिस बॉल क्रिकेट शारजाच्या रेतीत, शनिवारी सकाळी. पण भांडायला आम्ही कोणापेक्षा कमी नाही. दुबईच्या करामा भागातल्या याकूबने त्याच्या हॉटेलातल्या वरच्या फॅमिली हॉलची भिंत फुकट दिली. पाच वर्षांची अट मात्र लगेच गळाली. पाच वर्षांत इथला माणूस कॅनडात असतो.

पहिलं नाव ॲम्ब्रोज डिमेलोचं निघालं. वसईचा डावखुरा फिरकी गोलंदाज. पार अबू धाबीच्या पलीकडे रुवैसला रिफायनरीच्या प्रोजेक्टवर होता तेव्हा दर आठवड्याला तीन-साडेतीन तास गाडी हाकत मॅचला यायचा आणि मॅच संपली की तसाच परत जायचा. मंडळात सगळ्यात जास्त विकेटा त्याच्या. अजून पुष्कळ झाल्या असत्या, पण स्टंपांमागे माझा नवरा सुरेश उभा असायचा.

विरोध केला तोही सुरेशनेच. तो कप्तान, शिवाय निवड समितीचा अध्यक्ष, शिवाय पुण्याचा. त्याचं म्हणणं, ॲम्ब्रोज निवृत्त झालाय कुठे? हे मात्र खोटं नव्हतं. ॲम्ब्रोज तीनदा निवृत्त झाला होता. तिन्ही वेळा आम्ही वर्गणी काढून निरोप दिला, भेटवस्तू दिली, त्याच्या बायकोने, पॉलिनने, डोळे पुसले, आणि ऑक्टोबरात हवा जरा गार झाल्याबरोबर हा पांढरी टोपी घालून हजर. तेव्हा जूनमध्ये सुरेशने नियम करून घेतला की ज्याचा व्हिसा कॅन्सल झाला तोच निवृत्त. सगळ्यांना नियम फार आवडला. माणसाचा शब्द बदलतो, इमिग्रेशनचा शिक्का बदलत नाही, असं काहीतरी सुरेश म्हणाला होता आणि त्यावर स्वतःच खूश झाला होता.

सप्टेंबरात हमरिया फ्री झोनमधल्या सुरेशच्याच कंपनीने त्याची पोस्ट बंद केली आणि त्याचा व्हिसा कॅन्सल केला.

त्याने माझ्याशिवाय कोणालाही सांगितलं नाही. रोज सकाळी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून निघायचा, मेट्रोने कुठल्या तरी मॉलमध्ये जाऊन बसायचा आणि संध्याकाळी दमून परत यायचा. दमायचा खरंच, ते नाटक नव्हतं. आमच्या मुलीला, आभालासुद्धा माहीत नव्हतं. माझी नोकरी चालू होती, पगार बरा होता. मी त्याला म्हटलं, माझ्या व्हिसावर ये, महिन्याभरात काम होईल, मग सावकाश नोकरी शोध. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याला माझी साडी नेसायला सांगितली होती.

कारण मला माहीत होतं. रुवैसचा प्रोजेक्ट संपल्यावर ॲम्ब्रोज पॉलिनच्या व्हिसावर आला. पॉलिन एका हॉटेलात बँक्वेट सांभाळते. तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये, म्हणजे सुरेशच्या पजेरोच्या मागच्या बाजूला, हाच सुरेश त्याला आख्खा हंगाम ‘मिसेस डिमेलो’ म्हणत होता. सगळे हसायचे. ॲम्ब्रोजही हसायचा. आता त्याच रांगेत स्वतः जाऊन उभं राहायचं, त्यापेक्षा पुण्याला निघून जाणं त्याला सोपं वाटत होतं. व्हिसा गेल्यावर इथे राहायला देतात तो ग्रेस पिरियड संपत आला होता. तो तिकडे आणि आम्ही दोघी इकडे, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की मला त्याचा इतका राग यायचा की भाजीत मीठ दोनदा पडायचं.

समितीची शेवटची बैठक आमच्या घरी ठेवली. मीच ठेवायला लावली. ॲम्ब्रोजला आणि पॉलिनलाही बोलावलं. बटाटेवडे केले. माझ्या मनात काही मोठी योजना होती असं नाही. ॲम्ब्रोज त्या भिंतीवर चढला तर बायकोच्या व्हिसावरचा माणूसही भिंतीच्या लायकीचा असतो हे ठरावात तरी येईल, एवढंच.

सिद्धांतने आकडे वाचून दाखवले. सुरेशने ॲम्ब्रोजच्या कोपराचा विषय काढला. चेंडू टाकताना तो वाकतो म्हणे. बारा हंगाम त्या कोपराच्या जिवावर ट्रॉफ्या घेतल्या तेव्हा तो सरळच होता. मग आकड्यांवरून कोपरावर आणि कोपरावरून शिस्तीवर अशी गाडी फिरत राहिली. वडे संपले. शेवटी सुरेशने आपला नियम बाहेर काढला आणि कोर्टात विचारतात तसं विचारलं, “ॲम्ब्रोज, तुझा व्हिसा कॅन्सल झालाय का? येस ऑर नो.”

मी स्वयंपाकघराच्या दारात कपबश्या घेऊन उभी होते. स्वतःचा व्हिसा कॅन्सल झालेला पासपोर्ट कपाटात ठेवून हा माणूस दुसऱ्याला हे विचारत होता. एक कप त्याच्या अंगावर ओतावा असं वाटलं.

ॲम्ब्रोज खुर्चीत जरा मागे रेलला. म्हणाला, “झाला होता ना. रुवैसचा. मग पॉलिनने स्पॉन्सर केलं. पहिला महिना मला जाम लाज वाटली, सुरेश. तू चिडवायचास ना, तेव्हा घरी येऊन मी जेवायचो नाही. मग एक दिवस ही म्हणाली, कंपनीने तुला कॅन्सल केलं, मी केलं का? बस, खलास. त्या दिवसापासून मी रात्री झोपतो.”

पॉलिन म्हणाली की तो झोपतो आणि घोरतोही. कोणी फारसं हसलं नाही.

सुरेशने समोरची रिकामी थाळी बाजूला सारली. मग म्हणाला, नियम मी केला होता, मीच मागे घेतो. सिद्धांतने विचारलं, म्हणजे नेमकं काय लिहू? सुरेशने सांगितलं की काही लिहू नकोस, ॲम्ब्रोजचा फोटो लाव. एवढं बोलून तो हात धुवायला गेला आणि नळ सोडून बराच वेळ आतच राहिला. मंडळी खूश होऊन गेली. अध्यक्षांचं मन किती मोठं, असं सिद्धांत जिन्यात म्हणाल्याचं मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ॲम्ब्रोजचा फोटो मोठा करून घ्यायला तो आणि सुरेश करामातल्या स्टुडिओत गेले. परत आल्यावर सुरेशने माझ्यासमोर एक छोटं पाकीट ठेवलं. आत पासपोर्ट साइझचे आठ फोटो, मागे पांढरा पडदा, चेहरा फाशीच्या कैद्याचा.

“व्हाइट बॅकग्राउंडच लागतो ना?” त्याने विचारलं.

मी हो म्हटलं. आणखी काही बोलले असते तर रडले असते, आणि रडले असते तर तो पुन्हा विचार करायला बसला असता. आभाने एक फोटो उचलून बघितला आणि म्हणाली, “बाबा, यू लुक सो सॅड. व्हॉट इज इट फॉर?” सुरेशने तिला शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ओके. सो ममाज द बॉस.” एवढ्यासाठी आम्ही तिच्यापासून दोन महिने लपवत होतो.

याकूबच्या हॉटेलात भिंतीचं उद्घाटन झालं. जुने खेळाडू बायकापोरांसकट आले होते. बिर्याणी येईपर्यंत कप्तानाने ओळख करून द्यायची होती. सुरेशला भाषणाची हौस भारी, म्हणून मी आधीच बसून घेतलं. पण तो कागद न काढताच उभा राहिला.

“ॲम्ब्रोज डिमेलो,” तो म्हणाला. “डावखुरा, फिरकी, वसई. मी सोडलेले कॅच धरले असते तर याला दोन भिंती लागल्या असत्या. सध्या बायकोच्या व्हिसावर आहे.” त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “सोमवारपासून मीपण.”

ज्या तोंडांनी ‘मिसेस डिमेलो’वर हसून घेतलं होतं ती सगळी तोंडं समोरच होती. सुरेशचे कान लाल झालेले मला लांबून दिसत होते.

ॲम्ब्रोजने आपल्या फ्रेमखाली बसल्याबसल्या विचारलं, “सुरेश, तुझी बॅटिंगची ॲव्हरेज किती रे?”

“चार.”

“मग नुसत्या व्हिसावर भिंत मिळणार नाही, हबीबी. शनिवारी सहाला ग्राउंडवर ये.”

सगळा हॉल हसला. सुरेशही हसला, आणि माझ्या शेजारी येऊन बसताना त्याने टेबलाखाली माझा हात धरला. लग्नाला सतरा वर्षं झाली, चारचौघांत असा हात त्याने कधी धरला नव्हता. मी तो सोडवून घेतला नाही. बिर्याणी डाव्या हाताने वाढून घेतली.