बुळबुळीत भिंतींचा हौद

मित्रांनो, मी एक सिमेंटचा हौद आहे. सूत रंगवण्याच्या कारखान्यामागे अर्धा जमिनीत पुरलेला, वर पत्र्याचे झाकण. कौतुकाने बघावे असे माझ्यात काही नाही. वासही बरा येत नाही.

वापरलेले रंगाचे पाणी माझ्यात येते. पूर्वी ते तसेच नाल्यात जाई आणि नाला लाल वाहे. मग कारखाना चालवणाऱ्या रंगाऱ्याच्या बायकोने नाल्याकाठचा काळा गाळ बादलीने आणून माझ्यात ओतला. त्या गाळात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू होते. ते रंग फोडतात. हवा लागली की त्यांचे काम अडते, म्हणून झाकण. हळूहळू माझ्या भिंतींवर त्यांचा बुळबुळीत थर धरला. मग माझ्यातून पाणी फिके होऊन निघू लागले. उरलेली घाण शेजारच्या उघड्या हौदात हवेवर जगणारे दुसरे जिवाणू संपवत.

ती रोज त्यांना साखरेचे पाणी घाली. रंगारी चिडवी, "माझा चहा राहिला बाजूला. आधी तुझी लेकरं."

"तुम्ही मागून घेता. त्यांना तोंड आहे का?"

"तोंड नाही तर खातात कशाने?"

"तुमच्यासारखी बडबड न करता खातात."

नंतर ती आजारी पडली आणि गेली.

रंगारी बरेच दिवस इकडे फिरकला नाही. मग एका सकाळी ब्रश आणि ब्लीचिंग पावडर घेऊन आला. "तिची जागा अशी घाण ठेवून कसं चालेल?" असे पुटपुटत त्याने पाणी उपसले आणि आत उतरला. रडत रडत त्याने भिंती घासल्या. मी इतका स्वच्छ कधीच नव्हतो.

दुपारी त्याची मुलगी आली. "बाबा, भिंतीवरचा थर कुठे गेला?"

"काढला घासून. बघ कसा लख्ख झालाय."

"तोच तर आईने वाढवला होता," ती म्हणाली.

तो काठावर खाली बसला.

मुलीने पुन्हा गाळ आणून ओतला आहे. पण थर धरायला वेळ लागतो, आणि तो धरेलच असे नाही.

मित्रांनो, माणूस गेल्यावर त्याची जागा आवरायला घ्याल तेव्हा जरा थांबा. जे मळकट दिसते, त्यातच त्याने जीव लावलेला असेल. आधी घरात कुणाला तरी विचारा.

रंगारी आता रोज येतो. झाकण उचलून वाकून बघतो. पाणी अजून लालच आहे.