पाखरं बोलावणारं बुजगावणं

जगभर लोक बुजगावणं उभं करतात ते पाखरं हाकलायला. माझ्या थोरल्या बहिणीनं, सायमानं, ते पाखरं बोलवायला केलं. म्हणजे करवून घेतलं, माझ्याकडून. ऐन जानेवारीत, या वयात, मी गोठ्याच्या माळ्यावर चढून जुनं गवत खाली ओढत होते आणि उशीच्या अभ्र्यात कोंबत होते.

"डोकं जरा लहान कर गं," सायमा खालून हात वर करून अभ्रा चाचपत म्हणाली.

"तुझंच डोकं आहे. आहे तेवढंच केलंय."

बुजगावण्याला सायमाचा निळा कोट घातला, तिची केसाळ टोपी घातली, तिचे बूट घातले आणि त्याला मागच्या अंगणातल्या बाकावर, लाल फळांच्या रोवन झाडाखाली बसवलं. पुढे केलेल्या हातमोज्याखाली फळीचा तुकडा बांधला आणि मोज्यावर सूर्यफुलाच्या बिया ठेवल्या. पाखरं आधी या गवताच्या सायमाला सरावणार, मग एक दिवस खरी सायमा तिच्या जागी जाऊन बसणार, असा बेत होता. उत्तरेकडच्या आमच्या कुहमो गावाच्या बाजूला ही युक्ती जुनी आहे. पण ती पोरासोरांनी करायची. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं नव्हे.

पण सायमाची घाई वेगळी होती. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध काळा डाग पडला होता आणि तो वाढत होता. समोर बघायला जावं तर समोरचंच नाहीसं व्हायचं. कडेकडेचं तेवढं दिसे, तेही हाताच्या अंतरावर असलं तर. बर्फ वितळेपर्यंत तेवढंही उरेल असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

या अंगणात तिनं जन्मभर पाखरं पोसली. ऑक्टोबरात पहिला दाणा टाकला की मे महिन्यापर्यंत खंड पडू द्यायचा नाही, हा तिचा धर्म. "ती आपल्या भरवशावर मागे राहिलीत," ती म्हणायची, "नाहीतर दुसरं गाव बघितलं असतं त्यांनी." चिमुकल्या काळटोप्या तिच्या तळहातावर येऊन बसत, अगदी टोपीवरसुद्धा. फक्त लालछाती कधी आला नाही. काळं डोकं, करडी पाठ आणि छाती अशी की बर्फावर कुणी निखारा ठेवलाय. पण जात भारी भित्री. आयुष्यभर सायमानं त्याला खिडकीतून पाहिलं आणि त्यात समाधान मानलं. आता खिडकीतून तिला काहीच दिसत नव्हतं. त्याची हळू, उदास शीळ तेवढी ऐकू यायची, आणि ती आली की सायमा हातातलं काम टाकून उभी राहायची.

"इर्मा, आलाय ना तो? कुठल्या फांदीवर आहे?"

"रोवनवर. मधल्या फांदीवर."

"कसा दिसतोय?"

"लाल."

"लाल म्हणजे कसा?"

"लाल म्हणजे लाल! आणखी काय सांगू?"

मला पाखरांचं कौतुक नव्हतं, खरं सांगते. शाळेच्या स्वयंपाकघरात मी हयात काढली. खाऊन झालं की ताट उचलून जागेवर ठेवायचं, एवढी शिस्त मला कळते. ही पाखरं टरफलं टाकून जातात. खारीनं दाणे पळवले की मी दार आपटत बाहेर जायची आणि सगळं अंगण रिकामं व्हायचं. त्या दिवशी मात्र सायमा चुलीकडे तोंड करून म्हणाली, "एकदाच बघायचाय गं मला तो. हातावर आला तर दिसेल. नाहीतर आता नाहीच." तेवढ्यावर मी गेले मुकाट्यानं गवत आणायला.

बुजगावणं बसवलं आणि थंडी अशी पडली की विचारू नका. पारा उणे बत्तीसवर गेला. भिंतीतले ओंडके बंदुकीचा बार उडावा तसे तडकत होते. सकाळी उजाडायच्या आत मी मोज्यावर बिया ठेवायला गेले तेव्हा माझ्या पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. मनात म्हटलं, संपली असतील सगळी रात्रीत. तेवढ्यात एक काळटोपी आली आणि बुजगावण्याच्या अंगठ्यावर बसली, माझ्यापासून हातभर. पिसं फुलवून तिचा नुसता गोळा झाला होता. वजन किती असेल? साखरेचे चार खडे. त्या एवढ्याशा जिवात रात्रभर विस्तव कुणी राखला? मी दोन लोकरी स्वेटर अंगावर घालून कुडकुडत होते, आणि ती मात्र बी उचलून झाडाच्या सालीत लपवायला निघालीसुद्धा होती, पुन्हा यायच्या तयारीनं. डबा हातात धरून मी तिथेच उभी राहिले. कधी नव्हे ते मी मोज्यावर आणखी मूठभर बिया ठेवल्या, आणि कुणी बघत नाही ना, म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं.

काळटोप्या पहिल्याच दिवशी सरावल्या. लालछाती फांदीवरून बघे, खाली उतरत नसे. दिवसांमागून दिवस गेले. सायमा रोज विचारायची आणि मी रोज नाही म्हणायची.

मग एका सकाळी ताउनो आला. ताउनो आमचा शेजारी, पलीकडच्या तळ्याकाठी एकटा राहतो. हिवाळ्यात ट्रॅक्टरनं आमच्या वाटेवरचा बर्फ काढतो आणि त्या निमित्तानं कॉफी पिऊन जातो. त्या दिवशी तो स्कीवरून आला, दारावर थाप न मारता थेट मागे गेला आणि बाकावर बुजगावण्याशेजारी बसला. मी भाकरी भट्टीत सारत होते, माझं लक्षच गेलं नाही. बऱ्याच वेळानं तो स्वयंपाकघरात शिरला, टोपी काढली आणि हळू आवाजात मला म्हणाला, "सायमा माझ्यावर रागावलीय का?"

"का रे?"

"नाही, मघापासून शेजारी बसलो होतो. मी म्हटलं, थंडी आहे. ती काही बोलली नाही."

"मग?"

"मग काय? थंडी होतीच. त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. म्हणून मीही गप्प बसलो. छान वाटलं."

तेवढ्यात आतल्या खोलीतून सायमा भिंतीला हात लावत बाहेर आली. "कोण, ताउनो का?"

ताउनोनं तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीतून बाकाकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे. आमच्याकडच्या पुरुषांना काही बोलायला वेळ लागतो, पण त्या दिवशी त्यानं कहर केला.

"मग बाहेर कोण बसलंय?" शेवटी तो म्हणाला.

"तुझी जुळी बहीण," मी म्हटलं. "ठोंब्या, डोक्याच्या जागी उशी आहे, तेवढं तरी दिसू नये?"

"तोंडाकडे कोण टक लावून बघत बसतं?" तो रागानं म्हणाला. "बरं दिसतं का ते? मला नवल वाटलं ते त्या लालछातीचं. हातावर बसून तो निवांत बिया फोडत होता आणि ही हललीसुद्धा नाही. म्हटलं, काय बाई आहे!"

सायमानं टेबलाची कड घट्ट धरली. "हातावर? तू शेजारी असताना?"

"एकदा नाही, दोनदा."

दुसऱ्याच दिवशी गवताची सायमा गोठ्यात गेली आणि खरी सायमा बाकावर बसली. लालछाती मधल्या फांदीवर होता. पण थंडीनं आणि वयानं सायमाचा हात थरथरत होता. मोज्यावरच्या बिया नाचत होत्या. हात गुडघ्यावर टेकवला, तर गुडघाही थरथरू लागला. लालछाती मान वाकडी करून बघायचा आणि तिथेच राहायचा. ती आत आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. मी सॉना, आमची वाफेची खोली, तापवली, तिला आत बसवलं आणि जोरजोरानं पाठ चोळली.

"जाऊ दे आता," ती वाफेत म्हणाली. "झाड काही थरथरत नाही. लालछातीला ते ठाऊक असणारच."

तिनं असं हार मानणं मला सहन होईना. सायमानं शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं.

"मी धरते तुझा हात," मी म्हटलं.

"तू? तू श्वाससुद्धा आवाज करत घेतेस. आणि तुझा कोट दिसला की अंगण रिकामं होतं."

ते खरंच होतं. माझा हिरवा कोट पाखरांना पाठ होता. पण त्यांनी बाकावर दोघांना पाहिलं होतं: गवताची सायमा आणि ताउनो. दुसऱ्या सकाळी ताउनो आला तेव्हा मी त्याला काही न सांगता त्याचा कोट उतरवून घेतला.

"हे काय?"

"चुलीशी बस, कॉफी बघ आणि खिडकीत येऊ नकोस."

कोटाला डिझेलचा आणि तंबाखूचा वास होता. टोपी कपाळावरून डोळ्यांत येत होती. मी सायमाला खेटून बसले, दोन्ही हात तिच्या मोज्याखाली घातले आणि तिचं मनगट धरलं. किती बारीक झालं होतं ते! तिची थरथर माझ्या हातांत उतरली. मी ती दाबून धरली, कोपरं पोटाशी घट्ट लावून. थोड्या वेळानं ती थांबली. मग फक्त तिची नाडी लागत राहिली.

अंगणात निळा संधिप्रकाश होता. वारा नव्हता. काळटोप्या आल्या, गेल्या, एक तर माझ्या टोपीवर चालून गेली. माझं नाक वाहत होतं, पाय बधिर झाले होते, आणि मी हलले नाही. एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. दूर तळ्यावर बर्फ ताणला जाऊन घुमत होता, जमिनीच्या पोटातून कुणी हाक द्यावी तसा. या सगळ्या गारठ्यात, एवढ्या अफाट जंगलात, आमच्या दोघींच्या हातांवर मूठभर बिया होत्या.

शीळ आली, आणि मग मनगटावर भार पडला.

इतका कमी भार, आणि मला तो टाचेपर्यंत जाणवला. लालछाती सायमाच्या तळहातावर बसला होता. त्याची छाती श्वासागणिक हलत होती. डोळ्यात एक बारीकसा ठिपका चकाकत होता. त्यानं बी उचललं, चोचीत फिरवलं, फोडलं, आणि टरफल माझ्या बाहीवर पडलं.

आणि सायमानं तोंड फिरवलं. भलतीकडे, गोठ्याकडे. अगं, आलाय तो, इकडे बघ, असं ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडता येत नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की ती बघतेच आहे. डोळ्यांच्या कडेला जे काही उरलं होतं, ते सगळं एकवटून बघते आहे. तिच्या गालावरून पाणी ओघळलं आणि हनुवटीशी गोठलं. तिनं ते पुसलं नाही.

लालछाती दुसरं बी फोडत होता. सायमा बोलली, ओठ न हलवता, इतकं हळू की तोही उडाला नाही.

"शेपटीखाली पांढरा असतो तो," ती म्हणाली. "विसरलेच होते बघ मी."

मी खाली पाहिलं. पांढरा होता. माझे डोळे धडधाकट, रोज खिडकीतून मी त्याला बघत आले होते, आणि मला ते माहीतच नव्हतं.