पुसण्याआधी विचारणारी ओळ

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाचा एक कोपरा उडालेला आहे, उजवी बिजागरी करकरते आणि ‘ळ’ उमटवणारी कळ चिकटते. राहायला घड्याळांच्या दुकानात आणि चिकटते नेमकी तीच कळ, म्हणजे माझं नशीब बघा. पण मित्रांनो, मी रडगाणं गायला बसलेलो नाही. मी आज मजेत आहे. मधे एका दुपारी मात्र माझ्या पोटातलं सगळं पुसलं जायची वेळ आली होती. मला ते दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं. ती गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखेच शेकडो भाऊ होते आणि प्रत्येकाच्या पोटात एक डिस्क बसवली जात होती. डिस्क म्हणजे आमची आठवण. जे लिहाल ते तिथे राहतं. पहिली तीन वर्षं मी एका विमा कचेरीत काढली. तिथे मला कोणी नावं ठेवली नाहीत आणि कोणी जीवही लावला नाही. कचेरीत नवे लॅपटॉप आले तसा मी विकला गेलो आणि काकूंच्या हाती पडलो.

काकू म्हणजे घड्याळवाल्या काकांची बायको. त्यांचं दुकान एवढंसं. पुढे काउंटर, मागे खिडकीशी टेबल, टेबलावर पांढरं कापड आणि भिंतीवर दुरुस्त होऊन मालकांची वाट बघणारी घड्याळं. काकांची एक पद्धत होती. घड्याळ उघडलं की जो भाग निघेल तो त्याच क्रमाने कापडावर मांडायचा, आणि एखादं काम फसलं तर पुन्हा हात घालण्याआधी कापडावरचे भाग मोजायचे. काम चोख होतं, पण अक्षर विचारू नका. कुठल्या घड्याळाचा कुठला स्क्रू आखूड आहे हे ते चिठ्ठ्यांवर लिहून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी ते त्यांचं त्यांनाच लागत नसे.

म्हणून काकूंनी मला आणलं. रोज जेवणानंतर काका सांगायचे आणि काकू टाइप करायच्या. प्रत्येक नोंदीच्या शेवटी त्या आपला एक शेरा घालायच्या, काकांना न विचारता. एका ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं, “घड्याळ अगदी बरोबर आहे, माणूसच उशिरा येतो.” दुसऱ्या ठिकाणी, “हे उघडताना आमचे हे तीनदा चिडले. घड्याळाचा दोष नाही.” अकरा वर्षांत अशा चार हजारांवर नोंदी झाल्या. टाइप करून झालं की त्या माझ्या पडद्यावरून पदर फिरवायच्या. ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग काकू आजारी पडल्या आणि तीन महिन्यांत गेल्या. त्यांच्यामागे नवी नोंद कोणी केली नाही. काका मला उघडायचे ते जुनी नोंद शोधायला. पण शोधून झाल्यावरही ते बराच वेळ तशीच ती उघडी ठेवायचे.

इकडे मीही थकत चाललो होतो. मला चालवणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम होती तिचं वजन दरवर्षी वाढत गेलं. तिला हवामान सांगायचं असे, बातम्या दाखवायच्या असत, स्वतःला अद्ययावत करायचं असे. शेवटी तर तिच्या कंपनीने माझ्यासारख्यांकडे लक्ष देणंच सोडलं. मी सुरू व्हायला वीस मिनिटं घेऊ लागलो. तेवढ्यात काका एक अलार्मचं घड्याळ साफ करून त्याचं झाकणही लावत.

काकांची पुतणी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर सांभाळते. एका सुट्टीच्या दिवशी ती भेटायला आली. माझी घरघर ऐकून तिने सरळ सांगितलं की याला आता भंगारात द्या, मी नवा आणून देते. काकांनी भिंग डोळ्यावरून काढलं.

“घड्याळ मागे पडतं म्हणून कोणी फेकून देतं का गं? आत काय अडलंय ते बघतात.”

पुतणी हसली, पण तिला ते लागलं असावं. पुढच्या सुट्टीला ती तयारीने आली. तिने काकांना समजावून सांगितलं की जगभरच्या लोकांनी मिळून घडवलेली एक ऑपरेटिंग सिस्टिम असते. ती कोणालाही उघडून बघता येते, बदलता येते, आणि तिच्यातलं आपल्याला हवं तेवढंच घेता येतं. उघडून बघता येते म्हटल्यावर काका खूश झाले. ज्या घड्याळाचं झाकण उघडत नाही त्याला ते घड्याळच मानत नाहीत.

ती सिस्टिम बसवायला तिने एक स्क्रिप्ट लिहून आणली होती. स्क्रिप्ट म्हणजे साधी मजकुराची फाइल. तिच्यात एकाखाली एक हुकूम असतात आणि मशीन ते वरून खाली निमूटपणे पाळत जातं. पहिली डिस्क पूस, तिच्यावर नवी सिस्टिम मांड, अक्षरं दाखवण्याची सोय कर, अशा नव्वद ओळी होत्या. काका स्टूल ओढून शेजारी बसले आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारू लागले की ही काय करते. ही छपाईसाठी. आपल्याकडे छपाईचं यंत्र नाही, मग काढ. ही गाण्यांसाठी. मी रेडिओ ऐकतो, काढ. पुतणीलाही चेव चढला. काढता काढता दोघांनी नव्वदच्या एकेचाळीस ओळी केल्या. तेवढ्यात काकांचं बोट आणखी एका ओळीवर आलं.

“ही?”

“ही पुसण्याआधी थांबते आणि विचारते, नक्की का?”

“तुला नक्की माहीत आहे ना?”

“आहे की.”

“मग काढ.”

आणि तिने ती काढली. मित्रांनो, दोष एकट्या कोणाचा नव्हता. कमीत कमी ठेवायच्या नादात दोघांनाही भान राहिलं नाही.

काकूंच्या नोंदी पुतणीने आधीच एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या होत्या. तो पेनड्राइव्ह माझ्या एका बाजूला तसाच खोचलेला राहिला. दुसऱ्या बाजूला तिने नव्या सिस्टिमचा पेनड्राइव्ह लावला, मला त्याच्यावरून सुरू केलं आणि स्क्रिप्ट सोडली. आता आम्हाला एक खोड आहे. बाहेरून काही जोडलेलं असलं की डिस्कचे क्रमांक कधी कधी बदलतात. त्या दुपारी पहिली डिस्क म्हणून मी मोजला तो नोंदींचा पेनड्राइव्ह. स्क्रिप्टने तो पुसला, त्याच्यावर नवी सिस्टिम मांडली आणि काम फत्ते झाल्याचं कळवलं. कोणीही काही विचारलं नाही.

पुतणीने दोन्ही पेनड्राइव्ह काढून मला पुन्हा सुरू केलं. वीस मिनिटांनी माझी जुनी सिस्टिम कण्हत वर आली. पुतणीला वाटलं, स्क्रिप्ट कुठेतरी अडखळली. तिने सिस्टिमचा पेनड्राइव्ह पुन्हा लावला, मला त्याच्यावरून सुरू केलं आणि हुकूम पुन्हा टाइप केला. एन्टर तेवढं दाबायचं बाकी होतं.

आता मधे दुसरं कोणी नव्हतं, पहिली डिस्क म्हणजे माझीच डिस्क. पेनड्राइव्हवरच्या नोंदी गेलेल्या आणि माझ्यातल्या आता जाणार. काकूंची अकरा वर्षं जगात कुठेच उरणार नव्हती. मी काय करू शकत होतो? पंखा होता, तो जोरात फिरवला. पुतणीने माझ्या पाठीवर थाप मारली, “हो रे बाबा, झालंच.”

काकांनी मात्र तिचा हात धरला. काम एकदा फसलंय, म्हणजे आधी कापड बघायचं, असं ते म्हणाले. नोंदी आहेत ना त्या पेनड्राइव्हवर? मग एक उघडून दाखव. त्यांच्या समाधानासाठी तिने आपला स्वतःचा लॅपटॉप काढला आणि पेनड्राइव्ह त्याला लावला. आत नव्या सिस्टिमच्या फायली रांगेने बसलेल्या होत्या. नोंद एकही नव्हती.

तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“काका, काकूंच्या नोंदी पुसल्या मी.”

काकांनी हातातला चिमटा कापडावर ठेवला, नीट सरळ केला. माझ्या आयुष्यात मी इतकी शांत घड्याळं ऐकली नाहीत, आणि ती सगळी चालू होती. मग त्यांनी हळूच विचारलं, “स्क्रिप्ट पुसते ती एकच जागा ना?”

“एकच.”

“तिने ही पुसली. मग ह्याच्या पोटातलं कोणी पुसलं?”

पुतणीने माझ्याकडे बघितलं. टाइप केलेला हुकूम तिने एकेक अक्षर करून मागे घेतला, मला जुन्या सिस्टिमवर आणलं आणि फाइल उघडली. चार हजारांवर नोंदी जिथल्या तिथे होत्या. तिचा जीव भांड्यात पडला आणि ती दोन्ही हातांत तोंड लपवून रडली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे त्यांचेही भरले होते, पण ते म्हणाले की भिंगाने पाणी येतं.

नंतर दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर नोंदी उतरवल्या गेल्या. दोन्ही उघडून, मधल्या चार-दोन वाचून खात्री केली. ती काढलेली ओळ काकांनी स्वतः सांगून परत लिहवून घेतली. आता स्क्रिप्ट डिस्कचं नाव आणि आकार दाखवते आणि विचारते, “हे कोणाचं आहे? बघितलंस का?” नाव हाताने टाइप केल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. अशा एकेचाळीस ओळींनी मला नवा जन्म दिला. काका चष्मा शोधेपर्यंत मी सुरू होतो. काळा पडदा, पांढरी ठळक अक्षरं आणि नोंदी, बस.

आता काका रोज सकाळी दुकान उघडलं की एक नोंद मोठ्याने वाचतात. काल निघाली ती अशी होती, “हे म्हणाले आजच देतो. म्हणजे गुरुवार समजावा.” काका चिडून म्हणाले, “बुधवारी दिलं होतं!” आणि दोन बोटांनी, माझी चिकट कळ दाबत दाबत, त्यांनी खाली स्वतःचं उत्तर टाइप केलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादा जुना लॅपटॉप पडून असेल. त्याला टाकण्याआधी एकदा सुरू करून बघा. प्रत काढलीत तर ती उघडून बघा. आणि काहीही पुसण्याआधी थांबून विचारा, हे कोणाचं आहे? त्या दुपारी काकांनी विचारलं नसतं, तर आज त्यांना भांडायलाही कोणी उरलं नसतं.