डाव्या खांबावरच्या दोन थापा

मित्रांनो, कोलशेतच्या कॉलेजच्या मैदानावर गंजत उभा असलेला गोलपोस्ट, तो मीच. जवळच्या एका वर्कशॉपमध्ये उरलेले पाण्याचे पाइप जोडून मला घडवलं. मी आतून पोकळ आहे. माझ्यावर पडलेला आवाज माझ्यात बराच वेळ घुमत राहतो.

माझ्यासमोर एक वाद नेहमी रंगायचा. मैदानावरची सगळ्यांत अवघड जागा कोणती? मधल्या फळीतला हर्षित म्हणायचा, जास्त धावतो आम्ही. पुढचे म्हणायचे, गोल झाला नाही की बोलणी आम्हालाच. गोलकीपरला कुणी विचारत नसे. इथली रीतच तशी होती: सरावाला जो शेवटी पोचेल, तो गोलमध्ये. सर्वेश लांबच्या विठ्ठलवाडीहून यायचा, त्यामुळे रोज तोच शेवटी. असा तो कायमचा गोलकीपर झाला. उभा राहण्याआधी तो माझ्या डाव्या खांबावर दोन थापा मारायचा.

डिसेंबरात इथेच आंतरकॉलेज अंतिम सामना झाला. शेवटच्या मिनिटाला चेंडू सर्वेशच्या हातांतून निसटला आणि आम्ही हरलो.

"हाताला तेल लावून आलेलास का रे?" हर्षित सगळ्यांदेखत म्हणाला.

सर्वेशने हातमोजे माझ्या जाळीला बांधले आणि तो गेला. तो पुन्हा आलाच नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, वारा नसतानाही, माझ्या डाव्या खांबात दोन थापा वाजू लागल्या. सामन्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या शिवानीनेही त्या ऐकल्या. ती भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. ऊन उतरलं की लोखंड आकसतं, त्याचा हा आवाज, असं तिने सांगितलं. मग थांबून पुटपुटली, "पण दर वेळी दोनच कसे?"

एप्रिलमध्ये नव्या स्पर्धेची तयारी सुरू झाली, तरी गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार होईना. तेव्हा शिवानीने वही उघडली.

"त्या गोलआधी चार चुका झाल्यात. पहिली तुझी, हर्षित. चेंडू तू घालवलास. तुझ्या मागे सावरायला माणसं होती. सर्वेशच्या मागे फक्त जाळी."

मला हे आधीच ठाऊक होतं. पण खांबाची साक्ष कोण काढणार?

पुढच्या रविवारी हर्षित सगळ्यांत शेवटी आला. त्याचं घर बाळकुमला, अगदी जवळ. उशीर त्याने मुद्दाम केला होता. तो मुकाट्याने गोलमध्ये उभा राहिला. हातमोज्यांना त्याने हात लावला नाही. सात गोल झाले. तळहात लालबुंद झाले.

सगळे गेल्यावर त्याने फोन लावला. "सर्वेश, आज तुझ्या जागी उभा होतो. सात खाल्ले. मी तेव्हा चुकीचं बोललो रे." हर्षितने फोन माझ्या खांबाला टेकवला आणि दोन थापा मारल्या.

मग फोनमधून उत्तर आलं. दोन थापा. अगदी तशाच, जशा मी चार महिने ऐकत होतो.

त्या संध्याकाळी माझ्या खांबात काहीच वाजलं नाही.

मित्रांनो, एखाद्याची जागा सोपी म्हणण्याआधी तिथे एकदा उभे राहा. मला कधी रंग दिलात, तर डाव्या खांबावरची थापांनी गुळगुळीत झालेली जागा तेवढी सोडा. आणि हातमोज्यांची गाठ कुणी सोडू नका. ती ज्याने मारली, त्याची मी वाट पाहतो आहे.