पिवळ्या ठिपक्याच्या मुंग्या

नोव्हेंबरच्या एकवीस तारखेला, शुक्रवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, प्राणिशास्त्र विभागाच्या तिसऱ्या मजल्यावरील कोपऱ्यातल्या प्रयोगशाळेत, प्रबंध सादर करण्यास बारा दिवस उरले असताना, मुंगीबाईला कळून चुकले की आपले तिसरे प्रकरण खोटे आहे.

मुंगीबाई हे नाव सहकाऱ्यांनी ठेवलेले. सहा वर्षे ती काचेच्या वारुळातल्या मुंग्यांच्या पाठीवर बारीक कुंचल्याने ठिपके देत होती आणि रोज सकाळी ते मोजत होती. अन्नाच्या शोधात बाहेर पडणाऱ्यांना निळा, घरात राहून अंडी सांभाळणाऱ्यांना पिवळा. ठिपका दिसेनासा झाला की वहीत 'मृत'. बिनठिपक्याच्या दिसत त्या नव्या जन्मलेल्या, असे ती धरून चालली होती. घरातल्या मुंग्या लवकर मरतात, हा निष्कर्ष. मागच्याच आठवड्यात परिषदेत त्यावर टाळ्या पडल्या होत्या, आणि दोन दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते.

आज एक बिनठिपक्याची मुंगी सहज भिंगाखाली धरली, तर मागच्या पायाच्या सांध्यात पिवळा कण. दुसरी धरली, तिच्याही. वारुळाच्या ओलीने पिवळा रंग सुटत होता. मेल्या म्हणून नोंदलेल्या मुंग्या तिच्या डोळ्यांदेखत अंडी उचलून नेत होत्या.

रडू आले नाही. तेवढेही त्राण उरले नव्हते. तिने बहिणीला फोन लावला.

"ताई, मी सोडतेय."

"या महिन्यात दुसऱ्यांदा सोडतेयस. जेवलीस का?"

"प्रकरण चुकलंय गं. गप्प बसले तर कुणाला कळणारही नाही."

"मग बस गप्प."

मुंगीबाईने फोन खांद्याशी धरला आणि पुढची मुंगी भिंगाखाली घेतली.

"नाही ना जमत? मग मला कशाला विचारतेस, शहाणे?"

मुंगीबाईने चार ओळींचा अर्ज लिहिला: संशोधन सोडण्याची परवानगी मिळावी. तो आणि मुंग्यांची डबी घेऊन ती मार्गदर्शकांच्या खोलीत गेली. सरांनी अर्ज वाचला, बाजूला ठेवला आणि डबी भिंगाखाली घेतली. बराच वेळ ते वाकून पाहत राहिले.

"किती तपासल्यास?"

"चाळीस. एकतीस जणींच्या सांध्यात रंग आहे."

"परिषदेत टाळ्या मीही वाजवल्या होत्या. माझाही अर्ज जोडतेस का यालाच?"

तिला हसू आले नाही. "सर, मी फार दमलेय."

"दिसतंय ते. दोन दिवस घरी झोप काढ." भिंगावरचा डोळा न काढता त्यांनी अर्ज तिच्याकडे सरकवला. "मुंग्या जिवंत आहेत, प्रकरण मेलं. आणखी एक वर्ष लागेल."