मांगरातलं पुस्तक

"त्या पुस्तकात तो परत येता, असा खराच लिवलेला आसा काय गो?"

यशोदेने घोटभर पाणी घ्यायच्या आधी हे विचारलं. मालवणहून धामापूरच्या शाळेपर्यंत ती उन्हातून चालत आली होती. मधली सुट्टी होती आणि हिरा चौथीच्या वह्या तपासत बसली होती. तिने खडूचे हात पदराला पुसले.

"खंयच्या पुस्तकात, वयनी?"

खंयच्या, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की किनाऱ्यावरून रापण ओढणारी माणसं मांगरात, जाळ्यांच्या खोपटात, बसून जाळी दुरुस्त करीत. हात कामात असत, तोंडं मात्र रिकामी, आणि रिकामी तोंडं भांडत. रापणीचे म्होरके आबा तांडेल या भांडणांना विटले आणि वाचून दाखवायला माणूस शोधू लागले. चौथी पास झालेलं एकच माणूस वाडीत निघालं, ते दहा वर्षांचं आणि परकरातलं. हिरा.

हिराला वाचनाचं वेडच होतं. मिठाची पुडी आली की मीठ डब्यात जायच्या आधी कागद हिच्या हातात. शाळेतलं पुस्तकांचं कपाट तिने दोनदा वाचून संपवलं होतं. पण मांगरातलं वाचन वेगळं. पंधरा माणसांपुढे अडखळलं की हसं व्हायचं. म्हणून तिने डोळ्यांना सवय लावून घेतली, तोंडाच्या दोन ओळी पुढे धावायची. आता शाळेतल्या मुलांनाही ती तसंच शिकवायची.

त्या वर्षी एक कादंबरी कुणीतरी आणून दिली होती. कव्हर गेलेलं, पहिली आठ पानं गेलेली, त्यामुळे नाव कुणालाच कळलं नाही. दोन भावांची गोष्ट. धाकटा सदानंद सगळ्यांचा लाडका झाला होता. एका दुपारी हिराचे डोळे दोन ओळी पुढे गेले आणि तिथे सदानंद बुडाला होता.

जाळ्यावर बसून बुडाल्याचं नाव काढायचं नाही, हे त्या वाडीत रांगत्या पोरालाही कळतं. तोंड थांबवायला वेळ नव्हता. हिराने सदानंदाच्या हाताला एक फळी दिली. फळीवरून तो परमुलखाला लागला आणि सातव्या वर्षी येऊन अंगणात उभा राहिला. हे सगळं तिने पानांवर नजर ठेवून, मधूनमधून पान उलटत सांगितलं. जाळ्याच्या सुया थांबल्या. आबांचा मोठा मुलगा जयराम तेव्हा विशीतला. तो म्हणाला, "सात वर्सा तो थयसर जेवलो काय?" हिराने पान मागे उलटून जेवणही शोधून काढलं. नाचणीची भाकरी, उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा. परमुलखात हे कसं मिळालं, कुणी विचारलं नाही. पुढे ट्रेनिंग पास झाल्याचं कळलं तेव्हाही हिराला त्या दुपारइतका आनंद झाला नाही.

सत्तावन्न साली जयराम समुद्रावर गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. आबांनी क्रियाकर्म करू दिलं नाही, त्याच्या बायकोचं, यशोदेचं, कुंकू पुसू दिलं नाही. म्हणायचे, "छापलेला खोटा कशाक आसतला?" सात वर्षं उलटली तेव्हा म्हणाले, आपला समुद्र पुस्तकातल्यापेक्षा मोठा, वेळ लागायचाच. आता नववं वर्ष सरत आलं होतं.

"माझो भाव रेडीक आसा, भिकाजी," यशोदा सांगत होती. "थयसर बायकांका खाणीचा काम गावता. तीन वर्सा बोलयता माका. हयसर दीर-जाव आसत, आबांचा सगळा करतत. पण आबा माका सोडणत नाय. म्हणतत, जयराम इलो आणि तू घरात नाय गावलंस तर?"

"तुका काय वाटता, वयनी?"

"माका पयल्याच वर्साक कळला गो. पण तेंच्या तोंडातसून येवक होया. ते कोणाचा आयकणत नाय. पुस्तकाचा आयकतत."

हिराला भीती वाटली. त्याहून जास्त लाज वाटली. ती एवढंच म्हणाली, "आयतवारी येतंय."

पुस्तक तिच्याच ट्रंकेत होतं. रविवारी दुपारी ती ते घेऊन आबांच्या घरापुढच्या खळ्यात गेली. आबा खांबाला टेकून बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. यशोदा दाराआड उभी राहिली.

"तांच पुस्तक?" आबा म्हणाले. "हाड हयसर. वास घेवक दी." वास घेऊन त्यांनी ते परत दिलं. "वाच. सदानंद होडीत बसता थयसून."

हिरा वाचू लागली. होडी निघाली, वारा फिरला, आणि सवयीने तिचे डोळे पुढे गेले. फळी अजून तिच्या जिभेवर तयार होती. दिली असती तर आबा खूष झाले असते आणि यशोदा दाराआडच राहिली असती. हिराने पुस्तकात होतं तसंच वाचलं. लाट आली, होडी उलटली, सदानंद पुन्हा वर आला नाही.

"परत वाच."

तिने परत वाचलं.

"तेवा असा नव्हता."

"तेवाय असाच हुता, आबानू. मी बदललंय. जाळ्यार बसलेल्या माणसांका कसा वाचून दाखवू? फळी माझी. सात वर्सा पण माझीच."

आबा ओरडले असते तर हिराला बरं वाटलं असतं.

"आणि जेवाण?" त्यांनी विचारलं. "ताय तुझाच?"

"माझाच."

"बरा जेवाण घातलंस तेका," आबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कार्ड आसा तुझ्याकडे? भिकाजीक लिव."

मास्तरणीच्या पिशवीत पोस्टकार्ड असतंच. हिराने पेन उघडलं. आबा ताठ बसले आणि कचेरीत बोलावं तसं बोलू लागले. "आमचा मुलगा जयराम हा..." ते थांबले. "हा समुद्रात बुडून वारला. तरी आपली बहीण यशोदा हिला घेऊन जाणे."

दाराआडून हुंदका फुटला. धाकटी जाऊ आत धावली. आबांनी तिकडे मान वळवली नाही.

"लिवलंस? वाचून दाखय."

हिराने ओळीवर बोट ठेवून, एकेक शब्द वाचून दाखवला. आबांनी ऐकलं आणि आपला डावा अंगठा तिच्यापुढे धरला.

पोस्टकार्डावर अंगठा लागत नाही, हे हिराच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने पेनातली शाई त्यांच्या अंगठ्याला लावली.